माया न ठेवता

रंगमंचावर राणी म्हणून उभी राहिलेली बाई आतून किती जणींची असते, ते प्रेक्षकांना कळत नाही. मी जो जांभळा झगा घालून सिंहासनावर बसत असे, तो माझ्याआधी दोघींनी वापरला होता आणि माझ्यानंतर तिसरी वापरणार होती. त्याच्या शिवणी उलटून पाहिल्या तर आत दोन-दोन बोटं कापड दुमडलेलं दिसे. पुढची राणी अंगाने भरलेली निघाली तर उसवून सैल करायचं, काटकुळी निघाली तर आणखी आत घ्यायचं. शिवणकामात या राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. आमच्या कंपनीत ही माया जिच्या हातात होती, तिची ही हकिगत आहे.

नाटक कंपनीत कपड्यांच्या खात्याला कपडेपट म्हणतात, आणि माणसाला खात्याच्या नावाने हाक मारायची आमची जुनी खोड. "ए कपडेपट, गुंडी तुटली!" "कपडेपट, सेनापतीचं पोट सुटलंय, बघ जरा!" अशा हाका सुरू झाल्या की ती तोंडात टाचण्या धरून यायची, "उं" म्हणायची आणि कामाला लागायची. तोंडात टाचण्या असतात म्हणून ती कमी बोलते, असं आम्ही समजत होतो. पुढे कंपनी बंद पडली, टाचण्या गेल्या, तरी ती तेवढंच बोलायची.

तिच्या हाताला वेग किती! एकदा दुसऱ्या अंकात सेनापतीचा अंगरखा पाठीत टराटरा उसवला. तो बिचारा पडद्याला पाठ लावून संवाद म्हणत राहिला आणि ही पडद्यामागे गुडघ्यांवर बसून, फटीतून हात घालून त्याची पाठ शिवत राहिली. घाईत पडद्याची कडही टाक्यात आली. सेनापती "चला, शत्रू दाराशी आला!" म्हणून तलवार उपसून निघाला तो अर्धा पडदा खांद्यावर घेऊनच. मागे ही सुई हातात धरून बसलेली, अख्ख्या प्रेक्षागृहासमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, दिग्दर्शकाची काहीतरी नवी कल्पना दिसते. ती उठली, लवून नमस्कार केला आणि आत गेली. रंगमंचावर तिचं दर्शन झालं ते तेवढंच.

कंपनी बंद पडल्यावर तिने बाजाराच्या बोळात एक गाळा घेतला. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान, मध्ये ही आणि तिचं मशीन. पाटी होती, 'आल्टर करून मिळेल'. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची. कंबर सैल करायला येणारा प्रत्येक जण सांगे की कापड धुतल्यावर आटलं. ती मान डोलवायची आणि टेप घेऊन नवी कंबर मोजायची. कधी हसली नाही. हे गिऱ्हाईक सांभाळायचं खरं कसब.

आमची घरं समोरासमोर, एकाच जिन्यावर, दुसऱ्या मजल्याला. तिच्या घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि सासरे. मूलबाळ नाही, तो विषय त्या घरात केव्हाच बोलून संपलेला होता. नवऱ्याची गाडी शिकवायची शाळा. एक गाडी, एक पाटी आणि स्वतः. निम्मं गाव त्याच्याकडेच गाडी शिकलेलं, त्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणतात. चौकात उभा राहिला तर दर दुसरा माणूस काच खाली करून हात करतो. गाडीत बसला की हा माणूस डोळ्याची पापणी लवायच्या आत निर्णय घेतो. गाडीतून उतरला की त्याच्याकडे एकच शब्द उरतो, "बघू."

सासरे निवृत्त लिफ्टमन. एका मोठ्या कचेरीत त्यांनी उभा जन्म लिफ्ट चालवली आणि म्हातारपणी राहायला आले ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत. सगळा जिना त्यांना आजोबा म्हणतो. मीही म्हणते, आमच्या वयात चार-पाच वर्षांचंच अंतर असलं तरी. ते मला राणीसाहेब म्हणतात आणि चहाला बोलावताना घसा खाकरून वर्दी देतात.

तर एक दिवस तिच्या गाळ्यावर एक हवाई सुंदरी आली. कामावरचा कोट होता तिचा, आतलं अस्तर काखेत फाटलेलं. दुसऱ्या दिवशी विमान होतं. आमच्या कपडेपटने तासाभरात अस्तर बदलून दिलं. त्या मुलीने कोट उलटून पाहिला, टाका शोधला, तो सापडेना. म्हणाली, "आमच्या कंपनीचा कारखाना आहे. विमानातल्या सीटांची कव्हरं, पडदे, पट्टे सगळं तिथे शिवतात. तिथे चांगली माणसं मिळत नाहीत म्हणून आमच्या मॅडम सारख्या रडत असतात. तुम्ही का नाही जात?"

"कुठे आहे कारखाना?"

मुलीने शहराचं नाव सांगितलं. लांबचं, मोठं शहर. शेजारच्या गाळ्यातून डोकं काढून चावीवाला म्हणाला, "गेलात तर आमची आठवण ठेवा." त्याला वाटलं, तो थट्टा करतोय.

ती घरी येऊन बोलली. मास्तर म्हणाले, "बघू."

ती चाचणी द्यायला गेली. मास्तरांच्या 'बघू'चा तिने तेवढ्यापुरता होकार असा अर्थ केला. परत आली तशी पिशवीसकट माझ्याकडे आली, खुर्ची ओढून बसली आणि इतकी बोलली की मी चहा उकळायला ठेवून विसरले.

"बाई, तिथे सुया मोजून देतात."

"म्हणजे?"

"सकाळी सही करून सुई घ्यायची. मोडली तर सगळे तुकडे शोधून कागदावर चिकटवून द्यायचे, मगच दुसरी. तुकडा सापडत नाही तोवर त्या टेबलावरचं काम हलत नाही. सीटमध्ये सुईचं टोक राहिलं आणि कुणाला टोचलं तर? आणि टाचणी तोंडात धरायची नाही. मी सवयीने धरली. तिथल्या मॅडम आल्या, शाळेतल्या बाईंसारखा हात पुढे केला आणि म्हणाल्या, काढा."

"काढलीस?"

"एकेक करून सात काढल्या. त्या बघतच राहिल्या."

मॅडम वयाने तिच्याहून लहान, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात टेप. सीटच्या पाठीचं कव्हर बेतून शिवायचं, ही चाचणी. पत्र्याचा साचा दिला, कापड दिलं. हिने साचा ठेवला, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली ती रेघेच्या बाहेरून, दोन बोटं सोडून. विचार करून सोडली नाही. हातच तसा गेला. इतक्या वर्षांत तिने कुठलं कापड रेघेवर कापलं होतं? शिवून झालं. टाके बघून मॅडमनी मान हलवली. मग कव्हर सांगाड्यावर चढवलं. कोपऱ्यांत ते फुगलं. मॅडमनी ते काढलं, उलटं केलं, वजनकाट्यावर ठेवलं, पुन्हा उलटं केलं.

"हे आत काय आहे?"

"माया."

"कशासाठी?"

"पुढे कधी सैल करायला लागलं तर."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "सीट जाड होत नाही," त्या म्हणाल्या.

आजूबाजूच्या मशीनवरची माणसं खो-खो हसली. हिलाही हसू आलं, पण जरा उशिरा. मग मॅडमनी तिला समजावून सांगितलं. एका शिवणीतलं दोन बोटं कापड म्हणजे काहीच नाही. पण एका सीटला अशा किती शिवणी, एका विमानात किती सीटा. ते सगळं जादा कापड विमान रोज वर घेऊन जाणार आणि रोज खाली आणणार, कुणाच्याही उपयोगाचं नसताना. शिवाय ते कापड आगीत किती टिकतं ते एका ठरावीक जाडीला तपासलेलं असतं. तिथे आत घडी आली की तो हिशेब चुकला.

"त्यांचं बरोबर होतं, बाई," ती म्हणाली. "मी हात फिरवून बघितला. प्रवाशाच्या पाठीला बरोबर जिथे टेकायला हवं, तिथे माझ्या मायेची गाठ आली होती."

"मग? परत पाठवली?"

"दुसरं कापड दिलं. म्हणाल्या, रेघेवर कापा. बाई, रेघेवर कात्री नेली आणि वाटलं, आता चुकलं तर चुकलंच. मागे काही नाही. असं कधी कापलंच नव्हतं मी."

"आणि?"

"बसलं. नखाएवढीसुद्धा सुरकुती नाही."

असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी नटांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. पहिल्या प्रयोगानंतर रंग उतरवताना येतं ते. तेवढ्यात चहा उतू गेल्याचा वास आला.

नोकरी मिळाली. कायमची. शिवाय विमानतळाजवळ कंपनीची घरं होती, दोन खोल्यांची. मात्र ती कुटुंब घेऊन येणाऱ्यालाच. एकट्या माणसाला वसतिगृहात एक खाट. किती माणसं येणार ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं, कारण घर एकच रिकामं होतं आणि मागे दुसरे लोक थांबलेले होते.

मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर योजना मांडली. हा माणूस शिकाऊ लोकांना गाडी उभी करायला शिकवतो तीही अशीच, काडेपेटी आणि चमचे मांडून. मी मिरचीपूड उसनी मागायला गेले होते आणि दारातच अडकले.

"हे आपलं घर," त्यांनी मिठाची बरणी मध्ये ठेवली. "ही तू." एक चमचा बरणीपासून थोडा दूर सरकवला. "तू पुढे जा. सध्या वसतिगृहात राहा. गाळा सोडू नकोस, अर्धा चावीवाल्याला वापरायला दे. मशीन तिथेच राहू दे, झाकून ठेवू. मी मधूनमधून येत जाईन. जमलं तर पुढे घराचं बघू. नाही जमलं तर परत ये, सगळं जागच्या जागी आहे. काही बिघडत नाही. आणि बाबांना या वयात कुठे हलवायचं?"

बाबा खिडकीत बसून कानाला रेडिओ लावून बातम्या ऐकत होते. त्यांनी आवाज जरा कमी केला, असं मला वाटलं.

योजना वाईट नव्हती. माझ्या मते समंजस होती. चमचा पुढे गेला तरी बरणीच्या आवाक्यात राहत होता. ती चमच्याकडे बघत राहिली, मग तो उचलून धुवायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात कुणाची तरी पँट होती. ती उसवत उसवत बोलत होती.

"बाई, त्यांनी सगळीकडे दोन-दोन बोटं सोडलीत."

"कुणी?"

"ह्यांनी. गाळा ठेवायचा, मशीन ठेवायचं, घर ठेवायचं. मी तिथे खाटेवर झोपणार आणि मनाने इथला गाळा झाडणार. हे महिन्याने येणार, मग दोन महिन्यांनी. मग फोन. आपल्या कंपनीत असं कितीजण म्हणाले होते, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो. एक तरी आला?"

मी आठवून पाहिलं. दौऱ्यावर मागून येणारे आमचे गायक, तबलजी, एक पूर्ण खलनायक, सगळे डोळ्यांसमोर आले. मागून आलेला कुणी आठवला नाही.

"मग जायचं नाही, असं म्हणतेस?"

"तसं नाही म्हणत. जायचं तर जायचं, नाही तर नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामासाठी बोलावलंय. ते पाय मागे ठेवून नाही करता येणार, आणि दोन्ही घरं अर्धी अर्धी झाली तर ते मला नको. एक तर हे येतात, नाहीतर येत नाहीत. पण हे सांगायला हवं." दोरा तोडताना तिने तो दाताने तोडला नाही, कात्री घेतली. तिथे शिकून आली असावी.

मी सल्ला दिला नाही. मला आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलायची सवय, आणि हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी आजोबांनी घसा खाकरून मला चहाला बोलावलं. मी बसले तेव्हा मास्तर शेवटचा विद्यार्थी सोडून नुकतेच आले होते, गाडीची किल्ली अजून बोटात फिरत होती. तिने सगळ्यांना कप दिले आणि उभी राहिली.

"अहो, तुम्ही येणार की नाही?"

"अगं, मी म्हटलं ना, आधी तू पुढे..."

"ते झालं. तुम्ही येणार का? मला उद्या किती माणसं ते सांगायचंय."

"असं एका शब्दात कसं सांगणार?"

"दोनच शब्द आहेत. त्यातला एक सांगा."

किल्ली फिरायची थांबली. मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं. तो बंद होता. मग माझ्याकडे पाहिलं, जणू पुढचं वाक्य मी पुरवीन. मी कपात पाहिलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

स्वतःचाच आवाज ऐकून ते जरा दचकले. मग मात्र थांबले नाहीत. "नाही येणार. खरं सांगू का? इथे मी बाहेर पडलो की चार माणसं हात करतात. तिथे रस्ते मला माहीत नाहीत, लोक माहीत नाहीत. या वयात नवी पाटी लावून कोण येणार माझ्याकडे? तिथे मी कोण? तुझा नवरा."

"मी इथे इतकी वर्षं मास्तरांची बायकोच आहे की. काही दुखत नाही त्यात."

खिडकीतून 'फुस्स' असा आवाज आला. आजोबांना चहा नाकात गेला होता.

मास्तरांना राग आला नाही. ते म्हणाले, "तुला दुखत नसेल. मला दुखेल. मी सांगून टाकलं." मी या माणसाला त्याच्या लग्नापासून ओळखते. त्या संध्याकाळी मला त्याच्याबद्दल जितका आदर वाटला, तितका आधी कधी वाटला नव्हता. बायकोचं मन राखायला "येतो" म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं!

ती म्हणाली, "बरं." तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मग एक माणूस सांगते. खाट."

"तसंही," मास्तर जरा मऊ होऊन म्हणाले, "माझं एक वेळ सोड. पण बाबांना एकटं टाकून मी..."

"बाबांचं काय?" खिडकीतून आवाज आला. रेडिओ बंद झाला होता. "बाबांना कुणी विचारलं?"

"बाबा, तुम्ही मध्ये..."

"मध्ये कसला! इतके दिवस ऐकतोय. बाबांना कुठे हलवायचं, बाबांना कसं झेपेल. मी काय कपाट आहे? तुला जायचं नाही ना, नको जाऊस. पण माझ्या नावावर बिल फाडू नकोस."

"बाबा, तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही."

"लिफ्टमध्ये तरी कोण ओळखायचं? लोक दाराकडे तोंड करून उभे राहायचे. मला सगळ्या पाठी पाठ होत्या." त्यांनी कप खाली ठेवला. "आयुष्यभर वर-खाली केलं मी. आडवा व्हायच्या आधी एकदा आडवं जाऊन बघतो. सूनबाई, त्या घराला लिफ्ट आहे का?"

"आहे, बाबा. सहावा मजला."

"चालवतो कोण?"

"कुणी नाही. आपणच बटण दाबायचं."

"माणूस नाही?" आजोबा मनापासून हळहळले. "मूर्ख आहेत. तरी येतो."

मी हसले, मास्तरही हसायला लागले, पण ती हसली नाही. ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, नक्की? हो की नाही?"

"हो."

"तिथे गेल्यावर घरी ने, घरी ने, म्हणाल."

"म्हणेन ना. रोज म्हणेन. तू नेऊ नकोस."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. "आणि मी इथे एकटा काय करू?"

"स्वयंपाक शीक," आजोबा म्हणाले. "जगाला शिकवतोस, स्वतः एक काहीतरी शीक."

शनिवारी तिने गाळ्यावरूनच फोन लावला. चावीवाल्याने पुढे सांगितलं त्यावरून मला कळलं. त्याने कानस बाजूला ठेवून सगळं ऐकलं होतं. "दोन माणसं," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नवरा नाही. सासरे." पुन्हा काहीतरी. "हो, चालतात. दिसतं पण. नाही मॅडम, बदल होणार नाही." फोन ठेवून तिने चावीवाल्याला सांगितलं की गाळा ती सोडते आहे, अर्धा नाही, सगळा. मशीन तिने त्याच्या बहिणीला दिलं. बहीण नको नको म्हणत होती आणि टेप घेऊन दरवाजाची रुंदीही मोजत होती, मशीन आत जाईल का म्हणून.

मग राहिलेलं काम संपवणं आलं. अडकवलेल्या सगळ्या पँटी तिने पूर्ण केल्या. एका गृहस्थाची कंबर सैल करायची होती. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "धुतल्यावर आटली हो." ती म्हणाली, "नाही, तुम्ही जाड झालात." तो गृहस्थ दुखावला नाही म्हणतात. उलट त्याने आजूबाजूच्या दुकानांत जाऊन सांगितलं की बाई बोलल्या.

घरात मास्तर आणि ती कसे राहिले ते दिवस, मला सांगता यायचं नाही. समोरासमोर दारं असली तरी ती बंद असतात. एवढं दिसलं की मास्तर रोज सकाळी तिच्याबरोबर बाजारात जायला लागले, आणि एकदा भाजीच्या पिशवीत चिठ्ठी दिसली, तिच्यावर त्यांनी लिहून घेतलं होतं की डाळीला किती पाणी घालायचं. भांडण ऐकू आलं नाही. तिचा जुना कोट मात्र त्यांनी स्वतः इस्त्री करून आणला, आणि बाहीवर जळल्याचा डाग होता.

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही चौघं त्या शाळेच्या गाडीत बसलो. आजोबांचे गुडघे मागे मावेनात म्हणून ते पुढे मास्तरांशेजारी. मागे मी, ती आणि मधल्या जागेत गाठोडी. या गाडीत चालकाशेजारच्या जागेपुढेही एक ब्रेक आहे, शिकणाऱ्याचं काही चुकलं तर मास्तरांनी दाबायचा. आजोबांनी बसल्या बसल्या त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. लिफ्टमध्येही त्यांच्याकडे असाच एक दांडा असे, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

बाजार ओलांडल्यावर रस्ता मोकळा होता. गाडी मध्येच कचकन थांबली.

"बाबा, पाय काढा तिथून."

"मी काय केलं?"

"ब्रेक आहे तो. चुकून दाबला गेला असेल."

गाडी पुन्हा निघाली. पुलाच्या अलीकडे, समोर कुणी नसताना, पुन्हा थांबली. गाठोडं माझ्या मांडीवर आलं. "बाबा!" मास्तर म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत होती. स्टेशनचा फाटा दिसायला लागला आणि गाडी तिसऱ्यांदा थांबली, अशी की मागच्या टेम्पोने जोरात हॉर्न वाजवला.

"बाबा, हे खेळणं नाही! ट्रेन चुकेल तुमची!"

मास्तरांनी मान वळवून खाली पाहिलं. आजोबा सीटवर मांडी घालून बसले होते. चपला हातात, दोन्ही पाय केव्हाचे वर घेतलेले. खाली त्यांचा ब्रेक रिकामा होता.

मास्तर त्या रिकाम्या ब्रेककडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मागून टेम्पोवाला ओरडत होता, की शिकायचं असेल तर मैदानात शिका. इतक्या वर्षांत मास्तरांना असं कुणी म्हटलं नसेल. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"बाबा, पाय खाली घ्या," ती मागून म्हणाली. "मुंग्या येतील."

आजोबांनी पाय खाली घेतले आणि चपला घातल्या. मास्तरांनी गिअर टाकला आणि गाडी स्टेशनपर्यंत कुठेही न थांबवता नेली.